बाबा रिकाम्या जागेवर बोट ठेवतात

तीर्थस्वरूप आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठांतलं गुडघे हे अंग सध्या असहकार करतंय, उरलेल्या सातांवर भागवून घे.) तुझा दमा कसा आहे? आत्तोबांचे कान अजून सोयीनुसारच ऐकतात का? इकडे सगळे ठीक, म्हणजे बाबा सोडून सगळे, आणि बाबांचं तुला कुणाकडून तरी कळलंच असेल. झटक्यानं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. ज्यांच्या एका हाकेनं शाळेचं अख्खं मैदान गप्प व्हायचं, ते हेडमास्तर आता डाव्या हाताचं एक बोट हलवतात. त्यांना काहीतरी सांगायचंय आणि ते आमच्यापर्यंत पोचत नाही. सगळी धडपड त्याचीच चालली आहे.

मी म्हटलं, जन्मभर परक्यांसाठी स्क्रीनवरची बटणं बनवली, आता बापासाठी बनवू. टॅब्लेट आणला, त्यावर चित्रं मांडली: पाणी, जेवण, दुखतंय, दिवा, आणि खाली ओळीनं घरच्यांचे फोटो. चित्राला बोट लागलं की टॅब्लेट माझ्या आवाजात बोलणार. एका संध्याकाळचं काम आहे, असं हिला छातीठोकपणे सांगितलं. (ही नुसती हसली. माझा धंदा तिला कळत नाही, पण माझ्या संध्याकाळी तिला चांगल्या ठाऊक आहेत.)

असं बोट लागण्याला आमच्यात ‘इव्हेंट’ म्हणतात. आत्या, खरं सांगतो, केस पिकले या धंद्यात, पण या प्रकाराकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. बोट लागतं पाण्याच्या पेल्याला. पेला असतो खाण्यापिण्याच्या चौकटीत, चौकट असते पानावर. बातमी आधी पेल्याला कळते, मग चौकटीला, मग पानाला. अशी वर वर चढत जाते, आणि वाटेत जो जो कान देऊन बसलेला असेल त्याला ऐकू जाते. पापणी लवायच्या आत! एका बोटाखाली केवढी ही दुनिया! पण पहिल्या दिवशी मी तिघांनाही बोलायला लावून ठेवलं होतं. बाबांनी पेल्याला बोट लावलं. पेला म्हणाला, “पाणी द्या.” चौकट म्हणाली, “भूक लागली.” पान ओरडलं, “सगळे इकडे या, लवकर!” आई हातातल्या डावासकट धावली, ही ओल्या केसांनी आली, खालच्या मजल्यावरचे शेजारी बनियनवर आले. बाबांनी आमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी सातवीत गणितात नापास झालो तेव्हा शेवटची पाहिली होती. पाणी द्यायचं मात्र राहूनच गेलं.

मग दुसरी तऱ्हा. बातमी पेल्यापाशीच अडवायची, वर जाऊच द्यायची नाही. घरात कशी छान शांतता झाली! पण स्क्रीन जागी ठेवायचं काम मी त्या बिचाऱ्या पानाकडे दिलेलं. त्याला खालची काही खबरच लागेना. त्याला वाटलं, कुणी हात लावत नाही, सगळे झोपले असतील, म्हणून तेही झोपलं. बाबा ‘दुखतंय’ दाबताहेत आणि समोर काळोख. म्हणजे बघ, बातमी जाऊ दिली तर गोंधळ, अडवली तर वरचा बेखबर. यावर आमच्या धंद्यातली मोठमोठी डोकी वर्षानुवर्षं भांडताहेत, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचं बरोबर आहे. मी तर हातच जोडले.

शेवटी सगळ्या चित्रांना गप्प केलं आणि एकट्या पानाला ऐकायला बसवलं. बोट कुठे लागलं ते त्यानं पाहायचं आणि त्यानंच बोलायचं. काम झकास झालं. यात खोट एकच, पानाला रिकाम्या जागेवरचं बोटही कळतं. तिथे काय बोलायचं? मी भरून ठेवलं, “इथे कोणी नाही.” झालं! बाबा दिवसभर आईच्या फोटोशेजारच्या मोकळ्या जागेवर बोट टेकवायला लागले. “इथे कोणी नाही.” पुन्हा बोट. “इथे कोणी नाही.” मला वाटलं, नेम चुकतोय. फोटो मोठे केले. फोटो सरकवले, तर बोटही सरकून नव्या मोकळ्या जागेवर! काचेत दोष असेल म्हणून टॅब्लेटसुद्धा बदलून आणला. तेव्हा आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “अरे शहाण्या, नेम नाही चुकत त्यांचा. या ओळीत घरातलं कोण नाही, ते बघ की.”

मी ओळ पाहिली. तुझा फोटो नव्हता. वाचा नाही, अर्धं अंग नाही, आणि हा माणूस जिथे फोटोच नाही तिथे बोट ठेवून तुला मागत होता! आणि मी त्यांना माझ्याच आवाजात ऐकवत होतो की इथे कोणी नाही. मला फार वाईट वाटलं गं आत्या. तुमचं दोघांचं कशावरून बिनसलं ते आता घरात कुणालाच धड आठवत नाही. बाबांना आठवत असलं तरी त्यासाठी त्यांनी चित्र मागितलेलं नाही.

प्रकृतीला जप, आत्तोबांना नमस्कार.

तुझा भाचा

ता. क. तुझा एक फोटो पाठव. हसरा नसला तरी चालेल.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवता चिकटवता लिहितोय. फोटो पाठवू नकोस. आईनं ट्रंकेतून तुझा जुना फोटो काढून दिला, तो लावला. बाबांनी लगेच बोट ठेवलं. टॅब्लेटनं खणखणीत तुला हाक मारली, आणि बाबा दाराकडे बघायला लागले. अजून बघताहेत. यापुढचं काम माझ्या प्रोग्रामात बसत नाही. तू ये.