असं मला वाटतं

ता. १४, मंगळवार

वन्सं,
नमस्कार.

हो, खरं ऐकलंत. या वयात योगाच्या वर्गाला जाते. नऊ वर्षं बोलणं नाही, पण माझ्याच शेजारणीकडे माझ्या चौकशा करता, ते बरं वाटलं. तब्येत ठीक. तुमचं शिलाईचं दुकान जोरात आहे म्हणे. कात्री आणि जीभ, दोन्हींना अजून धार असेलच.

शिकवणारी माझ्या सुनेहून लहान. आम्ही तिला मास्तरीणबाई म्हणतो. आमचे गुडघे वाकेनात, तेव्हा तिने आम्हाला खुर्च्यांवर बसवलं आणि मनाचं काम दिलं. म्हणाली, योगात अपरिग्रह सांगितलाय, म्हणजे साठवून ठेवायचं नाही. नुसती भांडी-कपडे नाहीत, आपली मतंसुद्धा. मत असू दे, पण मुठीत आवळू नका.

मी म्हटलं, "बाई, मतं टाकली तर घरात बोलायचं काय?"

मग तिने अभ्यास दिला. आठ दिवस प्रत्येक ठाम वाक्याला 'असं मला वाटतं' ही शेपटी लावायची, म्हणजे मत सैल होतं. मी घरी सुरूच केलं. सून आळशी आहे, असं मला वाटतं. पोरगा बायकोला घाबरतो, असं मला वाटतं.

सून म्हणाली, "आई, आधी नुसतं बोलायचात तेच बरं होतं."

पाचव्या दिवशी तुमच्याबद्दलचं माझं वाक्य निघालं. भरल्या घरात तुमच्या तोंडावर म्हटलेलं, आणि पुढे ज्याला त्याला ऐकवलेलं. वन्संनी शिलाईचं मशीन दोन जिने वर चढवायला लावलं, म्हणून हे गेले. ते ऐकूनच तुमच्या भाच्याने तुमचं दार सोडलं.

शेपटी लावून पाहिली. लागेना.

वर्गात सांगितलं, तर मास्तरीणबाई म्हणाली, "इतकं घट्ट धरलंय?" मी मान हलवली. तीही खोटीच.

धरलेलं काही नव्हतंच, वन्सं. मला तसं कधी वाटलंच नाही.

त्या सकाळी हे डावा दंड चोळत बसले होते. म्हणाले, "छातीत कळ येतेय. ताईला सांगतो, आज नको." मला चेष्टेशिवाय बोलता कुठे येतं. म्हटलं, "बहिणीचं ओझं उचलायचं म्हटलं की बरी कळ येते तुम्हाला." ते हसले. चपला घातल्या आणि निघाले.

माफी मागत नाही. दिलीत तर तीही मुठीत धरून बसेन. हे पत्र तुमच्या भाच्याला दाखवा, मला तोंडाने जमायचं नाही.

तुम्हाला कळेचं माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी पाठवलं त्यांना.

तुमची वहिनी