कडकमावशीचं बोट

२ फेब्रुवारी

आज जिना उतरताना एकदम ती दुपार आठवली. मुलगा तान्हा होता. पोट दुखून नुसता किंचाळत होता आणि मी त्याला खांद्यावर टाकून जिन्यात येरझाऱ्या घालत होते. हे ऑफिसात. जिन्याखाली इस्त्रीवाली नवीनच बसायला लागली होती. माझ्याकडे पाहून तिने हात पुढे केला. मला वाटलं बाळ मागतेय. पण म्हणाली, "टॉवेल द्या." टॉवेलाची घडी घातली, बोट जिभेला लावून इस्त्रीच्या तळाला टेकवलं. चट्! मग टॉवेल शेकून बाळाच्या पोटावर ठेवला. पोरगं गप्प झालं. आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो. काय बोललो आठवत नाही, बहुतेक काहीच नाही. त्या पायरीवर ऊन आलं होतं एवढं आठवतं.

तिला हे नाव माझ्या मुलानेच दिलं पुढे. ती ज्याला त्याला विचारायची, "कडक करू का?" म्हणून कडकमावशी. आता सगळी इमारत तेच म्हणते. खरं नाव मला आणि मतदारयादीला माहीत.

हे आठवायचं कारण म्हणजे जिन्याखाली आज नोटीस लागली आहे. लिफ्ट बसणार. तिथेच, तिच्या टेबलाच्या जागी. महिनाअखेर जागा मोकळी करायची.

तिने मला ती मोठ्याने वाचायला लावली. मग म्हणाली, "बरं झालं. तुमच्या गुडघ्यांना आराम." आणि पुढचा शर्ट ओढला.

४ फेब्रुवारी

डॉक्टरांनी तारीख दिली. सत्तावीसला हृदयाची झडप बदलायची. "घाबरण्यासारखं काही नाही. पण सह्यांची कामं तेवढी उरकून घ्या." येताना भाजी आणा, अशा सुरात.

दुपारभर कपाटं आवरली. जे आवरलं होतं ते पुन्हा आवरलं. एका जागी बसवत नाही.

सह्यांची कामं म्हटल्यावर पहिलं काय डोक्यात यावं? घर नाही, दागिने नाहीत. कडकमावशीचे पैसे.

ते माझ्या खात्यात आहेत. इथे तरी नीट लिहून ठेवते. लोकांनी खिशात सुटे बाळगणं सोडलं तेव्हा तिची गिऱ्हाइकं तुटायला लागली. "फोनवर घेता का?" विचारायची आणि कपडे घेऊन परत जायची. ती बँकेत खातं उघडायला गेली तर यंत्राने तिचं बोट ओळखलं नाही. परत गेली, तरी नाही. मग आम्ही दोघींनी डोकं लढवलं आणि माझ्या जुन्या पगारखात्याचा तो काळापांढरा चौकोन तिच्या टेबलावर चिकटवला. गिऱ्हाईक खाली फोन धरतं, वर माझा फोन वाजतो, आणि मी जिन्यात येऊन ओरडते, "आले!" टेलिफोन एक्स्चेंजमधली इतकी वर्षं अशी सत्कारणी लागली. मुलींनी जिन्यातून आवाज चढवू नये, असं आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगत. त्यांनी ऐकलं असतं तर उभं केलं असतं भिंतीशी.

लागेल तेवढं ती शनिवारी नेते. बाकीचं, "राहू द्या तुमच्याकडे. माझ्या पत्र्याच्या डब्याला कुलूप पण नाही." असं राहत राहत बरंच राहिलं आहे. मी गेले की ते कायद्याने मुलाचं.

५ फेब्रुवारी

मुलाला फोन. तो अशाच कंपनीत आहे, लोकांचे पैसे फोनवरून नीट इकडून तिकडे जावेत हे बघणाऱ्या. आधी झडपेबद्दल बोललो. मग हे सांगितलं.

"आई. तू दुसऱ्या बाईचा धंदा स्वतःच्या खात्यावर चालवतेयस."

"धंदा कसला? इस्त्री."

"बँकेला समजलं तर खातं गोठवतील. तुझी पेन्शन पण अडकेल."

"मग तिचं खातं उघडून दे."

"मी काय खिडकीवर बसतो का, आई?"

तो चिडला की अगदी त्याच्या वडिलांसारखा होतो, पुढचा शब्द गिळतो. एवढं म्हणाला की पैसे काढ आणि तिच्या हातात दे, विषय संपला.

सोपं आहे. उद्याच करते.

६ फेब्रुवारी

सोपं नव्हतं.

कडकमावशीने मागच्या बाजारात नवीन गाळे निघालेत ते हेरून ठेवलेत. एका खिडकीएवढा गाळा. अनामत भरायची, बसायचं, मग हयातभर कुणी उठवणार नाही. तिचे साठलेले पैसे पुरून वर उरतात. दोघी गाळ्यांच्या कचेरीत गेलो. खिडकीवरचा माणूस सभ्य होता. म्हणाला, रोख बंद. अनामत अर्जदाराच्या स्वतःच्या खात्यातूनच आली पाहिजे. पूर्वी दलाल लोक दहा-दहा गाळे रोखीने उचलायचे. आता सगळं पारदर्शक आहे.

"मी पण पारदर्शकच आहे," कडकमावशी म्हणाली. "मशीनला दिसतच नाही."

तो हसला. मी पण हसले. घरी येईपर्यंत हसू उरलं नव्हतं. पैसे आहेत, गाळा आहे, बाई आहे. तिघांची गाठ पडत नाही.

८ फेब्रुवारी

मुलाचा स्वतःहून फोन. अशा बोटांचं काय करतात ते त्याने ऑफिसात विचारलं म्हणे. आठवडाभर हातांना आराम द्यायचा, मलम चोळायचं, गरम वस्तूला शिवायचं नाही. कातडीवरच्या रेघा थोड्या वर येतात. मग प्रयत्न करायचा.

खाली जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "आठवडाभर हात नुसते ठेवायचे? कुठे ठेवू?"

९ फेब्रुवारी

ह्यांचे जुने लोकरीचे मोजे काढले. आत मलम, वर मोजे, दोन्ही हातांना. माझ्या खुर्चीत बसवली. मांडीवर ते दोन करडे पंजे. चहा मी पाजला.

"बाई, लहानपणी पण असं कुणी केलं नाही हो माझं."

टेबलावर पाटी लावली : आठवडाभर बंद. माझा फोनही गप्प. घर मुकं झालं.

१२ फेब्रुवारी

तिची दिवसभर बडबड आणि माझी दिवसभर धडधड. समोरच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या शर्टांकडे बघून उसासे टाकते. "बघा ती कॉलर. जीव जातो माझा."

तळमजल्यावरचे निवृत्त गृहस्थ विचारून गेले, कधी सुरू करणार. ते आता वहीत शाईने लिहून चेक देतात सगळ्यांना. गेल्या वर्षी कुणीतरी फोनवर गोड आवाजात "बँकेतून बोलतोय" म्हणाला आणि त्यांनी सहा आकडे सांगून टाकले. सगळी शिल्लक गेली. मला त्या आवाजाचा फार राग आला होता. आमच्या वेळी टेलिफोनवरच्या आवाजावर लोक विसंबायचे. माझ्या आवाजावर विसंबायचे.

म्हणून मुलाचंही पटतं मला. कुलूप हवंच. पण ज्याची खोली त्यालाच बाहेर ठेवणारं?

१५ फेब्रुवारी

उद्या बँक. मोजे काढून दोघींनी उजेडात बोटं पाहिली. अंगठ्यावर अगदी फिक्या रेघा आल्यात. मी भिंग लावून पाहिल्या. देवाशप्पथ आल्यात.

१६ फेब्रुवारी

लिहवत नाही. तरी लिहिते.

बँकेतली मुलगी फार चांगली. कडकमावशीला खुर्ची दिली, काच पुसली. "मावशी, हलकेच." लाल दिवा. दुसरं बोट. लाल. तिने दहाच्या दहा बोटं घेतली. मग डोळ्यांचं यंत्र आणलं. डोळ्यांत मोतीबिंदू. पुन्हा लाल. मुलगी म्हणाली, पुन्हा एकदा अंगठा बघू, तोच बरा वाटला होता. तिने अंगठा हातात धरून पाहिला. "मावशी, हा तर ताजा भाजलाय."

मी पाहिलं. टोकाला गुळगुळीत, लाल, चकचकीत ठिपका.

मग मी माझ्याकडे पाहिलं. बाह्यांची घडी सुरीसारखी. कॉलर ताठ. सकाळी सहाला येऊन, मी अंघोळीला गेले असताना तिने माझे कपडे इस्त्री केले होते. टेबल बंद होतं, म्हणून माझ्याच घरात, माझ्या छोट्या इस्त्रीने. अनोळखी इस्त्री, म्हणून जरा जास्तच वेळ अंगठा टेकवून अंदाज घेतला.

बाहेर आल्यावर मी रागावले. खरंच रागावले. "आठवडा घालवला आपण! कशासाठी? माझ्या कपड्यांसाठी?"

ती खाली बघत म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी बोलणार होतात. चुरगळलेल्या माणसाचं कुणी ऐकतं का?"

रिक्षात मी तिचा हात धरून बसले होते. भाजलेला नव्हे, दुसरा.

१७ फेब्रुवारी

ती परत टेबलावर. फोन वाजतोय. मी "आले" ओरडतेय. जणू काही झालंच नाही.

१८ फेब्रुवारी

मुलाशी भांडण. मी म्हटलं, तुझं यंत्र माणूस ओळखत नाही. तो म्हणाला, ओळखतं, हजारात एखादा चुकतो.

"ती एखादीच माझ्या जिन्याखाली बसते."

"आई, चुकीचा माणूस आत येण्यापेक्षा बरोबर माणूस बाहेर राहिलेला परवडतो. सगळी सुरक्षा त्याच्यावर उभी आहे."

"परवडतो कुणाला?"

मग हळूच, "मावशी कशा आहेत?"

"विचार की तिलाच."

शेवटी त्यानेच तोडगा काढला. गाळा मी माझ्या नावावर घ्यावा. खातं माझं, बोट माझं, पैसे तिचे. बसेल ती. कागदावर सगळं स्वच्छ. त्यालाही तो फारसा आवडला नव्हता, आवाजावरून समजलं.

हेच ते दलाल करायचे ना पूर्वी? दुसऱ्याच्या नावावर?

२० फेब्रुवारी

केलं. माझा अंगठा पहिल्या फटक्यात हिरवा. मी आयुष्यात अंगठ्याने काय केलं? एक्स्चेंजमध्ये प्लग लावले आणि पुस्तकाची पानं उलटली.

गाळा मिळाला. किल्ली आणून तिच्या टेबलावर ठेवली. तिने पावती मागितली. माझं नाव तिला वाचता येतं, जिन्यातल्या पाटीवर रोज बघते. बराच वेळ पाहत राहिली.

"चांगलं झालं," म्हणाली. "म्हणजे परत तुमच्याच जिन्याखाली."

टोमणा नव्हता. तो असता तर बरं वाटलं असतं.

२१ फेब्रुवारी

तिने किल्ली परत आणून दिली. "तुमची आहे. ऑपरेशन होऊ दे, मग बघू." आणि माझ्या पांघरुणाच्या चादरी घेऊन गेली, दवाखान्यात न्यायच्या, कडक करायला.

ऑपरेशन झालं नाही नीट, तर? हे दोघीही बोललो नाही. मुलगा सज्जन आहे. पण सुनेला गाळे भाड्याने द्यायला आवडतात. आणि मुलाच्या मागून त्याची मुलं. त्यांना कडकमावशी म्हणजे फक्त गोष्टीतली बाई.

२३ फेब्रुवारी

पेपरात मोठा लेख. रोखीविना व्यवहारांना आपला देश तयार आहे का? तज्ज्ञ म्हणतात, सत्त्याण्णव टक्के तयार. मी पेपर घडी करून कपाटात तळाला घातला. पुन्हा काढला. उरलेल्यांबद्दल एक ओळ होती, शेवटून दुसरी : त्यांना हळूहळू सामावून घेतलं जाईल. हळूहळू! एकोणतीस तारखाही नाहीत या महिन्यात.

२५ फेब्रुवारी

मुलगा आला. बॅग वर ठेवली आणि खाली गेला तो तासभर आलाच नाही. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. पायरीवर बसला होता, एवढा थोरला, गुडघे छातीशी. तिचा अंगठा हातात घेऊन फोनच्या उजेडात बघत होता.

"अरे, दाढी का वाढवलीस?" ती म्हणत होती. "शर्ट काढ. कडक करते."

"नको, मावशी. बोट भाजेल."

"आता काय उरलंय त्याच्यात भाजायला?"

वर आला तेव्हा अंगात बनियन. जेवताना म्हणाला, "आम्ही यंत्राच्या चाचणीला माणसं घेतो ना, आई, ती सगळी ऑफिसातलीच असतात." पुढचं गिळलं.

२६ फेब्रुवारी, दुपार

दवाखान्यात चारला पोचायचं आहे. सकाळी मुलाला घेऊन बँकेत जाऊन आले. तीच मुलगी. म्हटलं, माझ्यानंतर कोण, ही नोंद करायची आहे. तिने कागद पुढे केला. नाव. पत्ता. नातं. नात्यांत नवरा, मुलगा, मुलगी, इतर. मी कडकमावशीचं खरं नाव लिहिलं आणि "इतर"वर खूण केली. विचारलं, तिचं बोट लागेल? म्हणाली, नाही, वारसाचं बोट लागत नाही. नुसतं नाव चालतं, पुढे दोन साक्षीदार ओळख पटवतात. एक सही मुलाने तिथेच केली. गाळ्याच्या कचेरीतही तसाच कागद. तिथेही केली.

म्हणजे मी जिवंत असेपर्यंत कडकमावशी कुठेच नाही. मी गेले की आहे.

तिला सांगितलं. ती इतकी चिडली की टेबल सोडून वर आली. "मला नको तुमचं मरण. परत या गुमान."

तर, मी परत आले नाही तर :

जुन्या खात्यातलं सगळं आणि गाळा — कडकमावशीला. खरं नाव कागदावर लिहिलं आहे, नीट वाचावं. दुसरा साक्षीदार बँकेतली मुलगी होईल, तिने कबूल केलं आहे. माझा फोन चालू ठेवावा आणि पैसे आले की कुणीतरी जिन्यातून ओरडावं, गाळा सुरू होईपर्यंत. पेन्शनच्या खात्यातलं आणि घर — मुलाला. बांगड्या सुनेला.

परत आले तर यातलं कुणालाच काही नाही. तिलाही नाही. मग मुलाने रजा वाढवावी. आम्हा दोघांना तिला घेऊन पुन्हा बँकेच्या खिडकीवर जायचं आहे, तिचं खातं तिच्याच नावाने उघडायला.