दोन युद्धनौकांच्या मधे

ती. आईस पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

फोन लागत नाही म्हणून घाबरू नकोस. समुद्राखालची केबल तुटली आहे आणि तीच जोडायला आमचं जहाज आलंय. दोन बड्या देशांच्या युद्धनौका दोन बाजूंना उभ्या आहेत. तोफांची तोंडं आमच्याकडे नाहीत, एकमेकांकडे आहेत. मधे आम्ही आहोत, एवढंच.

आम्ही समोरच्यासाठी चोरून ऐकायचं यंत्र बसवू, असा दोघांनाही संशय. म्हणून काल दोघांचा एकेक अधिकारी माझ्या टेबलाशी येऊन बसला. केबलच्या आतली केसासारखी बारीक काचेची तार जोडायची, आणि हे दोघे माझ्या मानेवर श्वास सोडतायत! शेवटी मी ओरडले, "श्वास रोखा!" दोघांनी मुकाट्याने रोखला. मग आधी कोण सोडतो यावरूनच चढाओढ लागली. दोघेही लालबुंद झाले, पण तार जुळली.

अजून दोन जोड बाकी आहेत, आठवडा जाईल.

काल आपापल्या नौकेवर परत निघताना दोघांनी मला वेगवेगळं गाठून एकच विचारलं, "घरी फोन कधी लागेल हो?" आणि दोघांनीही बजावलं, "मी विचारलं हे त्याला सांगू नका."

तुझा गुडघा कसा आहे? बाबा वेळेवर जेवतात ना?

तुझीच,
थोरली