मुक्याने तुम्हाला मारलं नाही

बाबा,

कंपनी अजून चालू आहे. पहिलं तेच सांगते, कारण तुम्हीही पहिलं तेच विचारलं असतंत. ऑफिस तेच, मसाल्याच्या डंकीच्या वरची खोली. खाली मिरच्या कुटायला पडल्या की अजून शिंका येतात. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेच्या बिल्डिंगी आल्या. पाळी सुटली की सरळ मैदानावर येणारं आपलं पब्लिक गेलं. आता कुठल्या तरी नेत्याचा वाढदिवस असला की आपल्या फ्रीस्टाइल कुस्त्या लागतात. मैदानाची परवानगी, पोलीस स्टेशन, फायर ब्रिगेडचा कागद, अँब्युलन्स, आणि प्रत्येक पोराकडून हमीपत्र, की हाड मोडलं तर कंपनी जबाबदार नाही. तुम्ही पहिलवानाच्या आईला घरी जाऊन भेटायचात, तेच तुमचं हमीपत्र. आताची पोरं जिममधून येतात आणि विचारतात, "आंटी, रील कोण काढणार?" मी म्हणते, आधी पडायला शीक, मग रील काढ. माझी शाळा सातवीपर्यंत, तुम्हीच मला काढलंत आणि तिकिटाच्या खिडकीत बसवलंत. त्यामुळे हळूहळू लिहितेय. चुका काढू नका.

मुक्याबद्दल लिहायचंय. शिवडीच्या गोदीतला हमाल, मूळचा मालवणकडचा, दारातून आत यायचा तर मान वाकवायला लागायची. तुम्ही त्याला मुका सैतान केलात, कारण तो तोंड उघडून मालवणीत बोलला की सैतान कुठला, गावचा पाहुणाच वाटायचा. तुमचा नियम एकच होता. लालबाग-परळमध्ये पाऊल टाकलं की तोंड बंद. दुकानात नाही, बसमध्ये नाही, कुणी चप्पल मारली तरी नाही. आणि मारायचे लोक. शिव्या घालायलाच तिकीट काढून यायचे, आणि रविवारी तो पडला की शांत होऊन घरी जायचे. चांगल्या पहिलवानाला बघायला अर्धं मैदान भरतं, वाईटाला पडताना बघायला पूर्ण, हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. धंद्यात तुमचं डोकं चालायचं, ते मी मानते. मी नऊ वर्षांची असताना मार्केटात त्याला "काका" म्हणून हाक मारली. त्याने मान फिरवली आणि निघून गेला. घरी आल्यावर तुम्ही माझ्या कानाखाली दिलीत. "रस्त्यात ओळख दाखवलीस तर उद्या कोण घाबरणार त्याला?" मी रडले नाही. मला पटलं होतं.

घरात मात्र वेगळं. दुपारी दोनला चाळीतल्या बाया लवंडलेल्या असायच्या, तेव्हा तो मागच्या जिन्याने वर यायचा. आई दार लावायची आणि हा सुटायचा. मुकादमाच्या नकला, गावच्या दशावतारातली सोंगं, गोदीत कोण कुणाच्या अंगावर पडलं, सगळं. आई ओरडायची, "अरे मेल्या, घास तरी गिळ." तो म्हणायचा, "वयनी, आठवड्याचा साठलला असा. आता बोललंय नाय तर फुटतलंय." रविवारचा निकाल तुम्ही तोंडाने कधीच सांगितला नाहीत. ज्या दोघांची कुस्ती ते जेवायला बसायचे, आई वाढायची, आणि ज्याच्या ताटात बांगड्याचा मोठा तुकडा पडेल त्याने रविवारी हरायचं. आपल्या घरात सगळ्यात जास्त मासे मुक्यानेच खाल्ले असतील. एकदा नव्या पोराला चुकून मोठा तुकडा गेला तर मुक्याने तो उचलून स्वतःच्या ताटात घेतला. "पोरा, तुका अजून पडूक येना नाय," म्हणाला. आई तोंडाला पदर लावून हसत होती.

त्या दिवसाचं तुम्हाला अर्धंच माहीत आहे, म्हणून पूर्ण सांगते. शुक्रवार. तुम्ही दोघं जेवून मागच्या जिन्याने उतरलात. मी ऑफिसात तिकिटांवर शिक्के मारत बसलेले. गल्लीत तुम्ही छाती धरून खाली बसलात, मग आडवे झालात. तिथपर्यंतचं तुम्हाला ठाऊक असेल. पुढे तो तुम्हाला खांद्यावर टाकतो आणि परळच्या हॉस्पिटलकडे धावत सुटतो. गल्लीतून मेन रोडला येतो, आणि नेमकी तेव्हाच पाळी सुटते. भिंतीवर रविवारचं पोस्टर, त्यावर त्याचंच तोंड, आणि समोर तोच, खांद्यावर मालक, मालकाची मान लोंबतेय. कुणीतरी ओरडतं, "मुक्याने मालकाला मारला रे!" झालं. शे-दीडशे माणसं गोळा होतात. त्याला एकच वाक्य बोलायचं होतं बाबा. मालकाच्या छातीत कळ आलीय, बाजूला व्हा. तो आ आ करतो. हाताने छाती दाखवतो, रस्ता दाखवतो. लोकांना वाटतं, दाखवतोय की असा मारला. तुम्हाला त्याच्या खांद्यावरून ओढून फुटपाथवर निजवतात, तोंडावर पाणी मारतात. त्याला शटरला लावून हाणतात. सोड्याची बाटली त्याच्या कपाळावर फुटते तरी तो आ आ च करतो. आवाज ऐकून मी खाली आले, शिव्या घालत आत घुसले, टॅक्सी थांबवली. डॉक्टर म्हणाला, आणायला उशीर झाला. किती उशीर, ते मी विचारलं नाही.

पोलिसांनी त्याला रात्रभर बसवला आणि डॉक्टरचा कागद बघून सोडला. हार्ट अटॅक. पण तो कागद कोण भिंतीला लावतंय? तिसऱ्या दिवशी तो मागच्या जिन्याने आला. आईने दार लावलं. कपाळाला टाके, एक डोळा बंद. दार लावल्यावरही तो गप्प बसलेला मी पहिल्यांदा बघितला. मग बोलला. "बाय, माका आरडूक होया होता. तोंडापर्यंत इला. पण आयतवाराक खेळ होतो." एवढंच. रविवारी खेळ होता. आईने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि तोंड फिरवून बसली. मला त्याचा राग आला पायजे होता, नाही आला. रडू पण नाही. तेव्हा वाटलं धक्का बसला असेल, उतरेल. नाही उतरला. आणि खरं सांगू, त्याच्या खांद्यावर तुम्ही नसून आई असती, आणि मुका तो नसून तुम्ही असतात, तरी तुम्हीही बोलला नसतात.

आता मी काय केलं ते ऐका. तेरावं झालं आणि मी ऑफिसात येऊन बसले. पुढचे तीन रविवार मैदान घेऊन ठेवलेलं, चौदा पहिलवान, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, आता कंपनी बाई चालवणार? तुमच्याशिवाय मैदान भरणार नाही हे मला कळत होतं. गिरगावचा छापखानेवाला येऊन बसला. "ताई, काय छापू?" मी कागद ओढला आणि लिहिलं. मालकाचा मारेकरी, मुका सैतान. लालबाग त्याला सोडेल? त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं. "ताई, तुमचे वडील ना ते?" मी म्हटलं, "छाप. सैतान मोठ्या अक्षरात घे." मुक्याला मी आधी विचारलं होतं, अगदीच न विचारता नाही केलं. तो म्हणाला, "छाप बाय. माजा काय जाता?" मैदान इतकं भरलं की गेट बंद करायला लागलं. बाया आल्या होत्या, गिरणीच्या, मुलं कडेवर घेऊन, त्याला शिव्या द्यायला. सात वर्षं त्यावर कंपनी चालली. दर वेळी कुणीतरी नवा पहिलवान तुमचा बदला घ्यायचा. तुमचा बदला मी किती वेळा घेतला ते सांगता येणार नाही. मग संप झाला, पब्लिक पांगलं, मुका परत शिवडीत गोदामात लागला, आणि मी त्याला विसरले म्हणजे खरंच विसरले.

त्याचं काय गेलं ते आता कळलं. तीन आठवड्यांपूर्वी त्याची मुलगी ऑफिसात आली. पन्नाशीची आहे, शाळेत क्लार्क. तिच्या मुलीचं लग्न ठरत आलेलं, मुलगा आपल्या लालबागचा, माझ्यापासून चौथ्या गल्लीत घर. मुलाच्या आजीने मुलीच्या आजोबांचं नाव-गाव विचारलं, तोच तो मुका सैतान हे कळलं आणि ताडकन उठली. खुन्याची नात या घरात येणार नाही. ती म्हातारी त्या पब्लिकमध्ये होती ना बाबा, तिकीट काढून. मुक्याची मुलगी मला म्हणाली, "मावशी, बाबांनी आयुष्यात कुणाला नख लावलं नाही. तुम्ही फक्त मुलाच्या घरी चला. चहा घ्या, त्या आजींना काय झालं ते सांगा, आणि उठा. दहा मिनिटं." मी म्हटलं, "चहा पिऊन काय होतंय? पंधरवड्याने नायगावला खेळ आहे. भर मैदानात सांगते, दोन हजार लोकांसमोर. त्या म्हातारीला पण आण." तिला ते फार मोठं वाटलं. माझे हात धरले तिने. मला असलं आवडत नाही, मी सोडवून घेतले.

गेल्या रविवारी केलं. मुक्याला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. ऐंशीच्या पुढे गेलाय, काठी लागते, पण खांदे तसेच. दुसऱ्या बाजूला मुलाकडचे, बाप आणि म्हातारी. मधल्या वेळात मी रिंगमध्ये चढले, गुडघ्याने त्रास दिला, एका पोराने दोर वाकवून धरला. माइक घेतला आणि सरळ सांगितलं. माझ्या वडिलांना या माणसाने मारलं नाही. छातीत कळ आली होती. हा त्यांना हॉस्पिटलला नेत होता आणि आपल्याच लोकांनी त्याला अडवलं. हा मुका नाही. तो मुका नव्हताच. मग मागून शिट्टी आली. मग दुसरी. मग "मारेकरी! मारेकरी!" सुरू झालं, हसत हसत, टाळ्यांवर. सगळ्यांचे मोबाइल वर उचललेले. अनाउन्सर पोराला वाटलं हा खेळाचाच भाग आहे, मला आधी का नाही सांगितलं असं तोंड करून त्याने म्युझिक लावलं. आणि मुका बाबा, मुका काठी टाकून उठला, पब्लिककडे वळला आणि मूठ उगारून आ आ केलं. जसं करायचा तसं. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. त्याची मुलगी त्याचा शर्ट धरून खाली ओढत होती, "बाबा, बसा ना. बाबा, बोला ना काहीतरी." तो ऐकतोय कशाला.

खाली उतरल्यावर मुलाचा बाप हसत आला. "मावशी, काय डायलॉग मारलात! अंगावर काटा आला." सेल्फी घेतला. म्हातारी मागे उभी होती, हसत नव्हती. मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "खरं असतं तर घरी आली असतीस गो. घरातलं बोलायला माइक कशाला लागतो?" मुक्याची मुलगी तर माझ्याकडे न बघताच बापाला रिक्षात घालून गेली. मुलाकडच्यांनी अजून नाही म्हटलेलं नाही. गणपतीनंतर कळवतो म्हणाले.

म्हणजे अजून वेळ आहे. चौथी गल्ली, चालत पाच मिनिटं, गुडघा धरला तर दहा. रोज संध्याकाळी चप्पल घालते आणि डंकीपर्यंत जाऊन परत वर येते. हा कागद कुठे पोस्टात टाकायचा नाही, मी काय वेडी नाही. पण त्या घरात पहिल्या चहाला म्हातारी विचारणारच, मग मारेकरी कुणी छापलं? रिंगमध्ये ते कुणी विचारलं नसतं. त्या मुलीने दहा मिनिटं मागितली तेव्हाच मला ते माहीत होतं, बाबा, म्हणून तर मी मैदान म्हटलं.