उलटा फिरणारा तिसरा पंखा

सोमवार, ४ मार्च

तिसरा पंखा आजही थरथरला आणि बंद पडला. पहिले दोन सुरळीत. लॉन्ड्रीवाल्या बाईंनी फोनवर साहेबांना चांगलंच झापलं — वाळवणीच्या खोलीत वाफ कोंडतेय, चादरी ओल्याच राहतायत, आठवड्यात जमलं नाही तर तिन्ही पंखे उचलून घेऊन जा. पंखे मी जोडलेत. मोटरी मी निवडल्यात. तरी बघायला जाणार कोण? रेडिओ! (आमच्या ऑफिसातल्या बोलघेवड्या सहकाऱ्याला हे नाव मीच ठेवलं. बटण न दाबताही चालू असतो.)

साहेब म्हणाले, "तो बोलून निभावून नेईल. तू आत बस, तुझा हात चांगला आहे." म्हणजे तोंड चांगलं नाही. सरळ सांगा ना. मी अडखळत बोलते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. कागदावर अडखळत नाही, म्हणून इथे एका दमात लिहून ठेवते — तिथे मीच जाणार.

मंगळवार, ५ मार्च

तसाच पंखा टेबलावर लावला. कितीदा तरी चालू-बंद केला. एकदाही थरथरला नाही.

या मोटरीला सेन्सर नसतो. तीन वायरी, बस्स. उभी असताना आतला फिरणारा भाग, म्हणजे रोटर, कुठे आहे ते मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरला कळतच नाही. तो आधी आंधळेपणाने ढकलतो. मोटर फिरू लागली की तीच थोडी वीज उलट पाठवते, त्यावरून त्याला अंदाज येतो. अडचण असते ती सुरुवातीची. पुढे सगळं छान चालतं. मोटरीबद्दलच लिहितेय. बरं, फक्त मोटरीबद्दल नाही.

साहेबांचा सल्ला: "सुरुवातीचा जोर वाढव." वाढवला. कंट्रोलर तापला, जळका वास आला आणि तो कामातून गेला. दुसरा बसवला.

घरी मावशीचा फोन आला. मी "मा-मा—" करते आहे तोवर आईने फोन हातातून घेतला. "दमलीये गं ती." मी अजिबात दमले नव्हते.

गुरुवार, ७ मार्च

रेडिओ लढाई जिंकल्यासारखा परत आला. "तुझ्या वायरी उलट्या होत्या. बटण दाबायच्या आधीच पंखा उलटा फिरत होता, मी या डोळ्यांनी पाहिलं. दोन वायरींची अदलाबदल केली आणि झटक्यात चालू." साहेबांनी त्याची पाठ थोपटली. चहा मागवला.

आता, तीनपैकी कुठल्याही दोन वायरी बदलल्या की मोटर उलटी फिरते, हे खरं. पण बटण दाबायच्या आधी वायरीत वीजच नसते! मग पंखा फिरवतंय कोण? तेच विचारायला गेले. "प-पण तेव्हा वीज—"

"वीज कमी होती, हेच ना?" रेडिओने माझं वाक्य स्वतःच पुरं करून टाकलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. डोक्यात अशी तिडीक गेली की चहा तसाच ठेवून उठले.

शुक्रवार, ८ मार्च

बाईंचा फोन. तिन्ही पंखे जोरात चालतायत आणि खोलीत आधीपेक्षा जास्त वाफ!

कुणाला न विचारता स्कूटर काढली. बाई दारातच उभ्या, बाह्या वर सारलेल्या. "तू कोण? तो बोलका मुलगा कुठंय?" मी हत्यारांची पिशवी दाखवली आणि आत गेले.

सगळे पंखे बंद केले. तिसऱ्याच्या एका पात्यावर खडूने खूण केली आणि पहिले दोनच चालू केले; रोजही तिसरा शेवटीच लावतात. तिन्ही पंख्यांची हवा एकाच मोठ्या नळीतून बाहेर जाते. दोघांनी नळीत हवा कोंबली, ती तिसऱ्यातून मागे खोलीत शिरली, आणि बंद असलेला तिसरा मजेत उलटा फिरायला लागला. म्हणजे कंट्रोलर त्याला सरळ ढकलायचा आणि वारा उलट. म्हणून थरथर. रेडिओने वायरी बदलून पंख्याला वाऱ्याच्या बाजूने करून टाकलं. मग झटक्यात चालू होणारच की! आता तो दोघांनी बाहेर टाकलेली वाफ इमानेइतबारे आत आणत होता.

"काय बिघडलंय?" बाईंनी विचारलं. मी तोंड उघडलं. इस्त्रीवाली लगेच शब्द पुरवायला लागली — वायर? मोटर? जळली? मी हात वर केला. ती थांबली. मीही थांबले. मग सगळं सांगितलं, माझ्या वेगाने. वेळ लागला. लागू दे.

वायरी पहिल्यासारख्या केल्या. कंट्रोलरला सुरू होण्याआधी रोटर क्षणभर धरून ठेवायला सांगता येतं, ते सेटिंग लावलं. पंखा आधी स्तब्ध उभा राहिला, मग सरळ निघाला. समोर धरलेली चिंधी जाळीला जाऊन चिकटली.

जन्मभर लोक माझ्या तोंडात शब्द ढकलत आले आणि मी त्या वाऱ्याने उलटी फिरत आले. मला कुणाचा जोर नकोय. जरा थांबा, एवढंच.

शनिवार, ९ मार्च

चादरी वाळल्या.

सोमवार, ११ मार्च

बाई स्वतः ऑफिसात आल्या. "माझ्या दुसऱ्या लॉन्ड्रीचं काम द्यायचंय. पण हिलाच पाठवा."

साहेबांनी हसत रेडिओकडे बोट दाखवलं. "येईल ना, याच्याबरोबर. तो बोलेल, ही करेल." रेडिओने मान खाली घातली.

जाताना बाईंनी जिन्यात गाठलं. "स्वतःचं काम का नाही सुरू करत?" तोवर असा विचार मी केलाच नव्हता.

घरी आईला सांगत होते, तर तिने सवयीने माझं वाक्य पकडलं. मी हात वर केला. ती रुसली, पण थांबली. मग म्हणाली, "बरं, तू काय म्हणालीस साहेबांना?"

"अ-अजून काहीच नाही."

मंगळवार, १२ मार्च

नोकरी सोडली. साहेब म्हणाले, "लिहून दे, बोलायचा त्रास कशाला?" बोलूनच दिला राजीनामा — सगळ्यांसमोर, सगळी कारणं सांगून. चहा गार झाला, रेडिओ एकदाही मध्ये बोलला नाही, आणि माझा शेवटचा शब्द बाहेर पडेपर्यंत मी साहेबांना खुर्चीतून उठू दिलं नाही.