निळे बिल्ले

३ तारीख, सोमवार
पोहोचलो. बेट इतकं देखणं की खात्याने मला चुकूनच इथे पाठवलं असावं. काम सोपं आहे. दोनशे मासे पकडायचे, मोजायचे, पंखाच्या मुळाशी निळा बिल्ला टोचून सोडून द्यायचे. पंधरवड्याने जाळ्यात बिल्लेवाले किती आणि कोरे किती, त्यावरून समुद्रात एकूण मासळी किती हे काढायचं. म्हणजे किती पकडली तर ती संपणार नाही, ते कळतं. खोली बर्फाच्या कारखान्यावर. मालकीणबाईंना सगळं बेट मावशी म्हणतं. त्यांनी मला आल्याआल्या भाऊ करून टाकलं आणि चहात तिसरा चमचा साखर घेताना दटावलं. लग्नाच्या बायकोलाही या टप्प्यावर यायला वर्ष लागलं होतं.
लाँच दर गुरुवारी. बावीसला नातीचा पहिला वाढदिवस. लेकीला शब्द दिलाय, आणि माझ्या शब्दांबद्दल तिचं मत फारसं चांगलं नाही. या खेपेस पोचायचंच.

६ तारीख
दोनशे पूर्ण. बिल्लेवाला मासा ठेवायचा नाही, सापडला तिथेच सोडायचा, ही अट मच्छीमारांना समजवायला गेलो, तर ते हसले. पाठ आहे म्हणाले. माझ्याआधी तिघं संशोधक इथे येऊन गेले होते. ‘गेले’ या शब्दावर मावशींनाही हसू आलं. जातायत कुठे, म्हणाल्या. एक जाळी विणतो, एक बर्फ फोडतो, तिसरी वायरलेस सांभाळते. जाळीवाल्याने माझ्या गणितातली चूक काढली. बरोबर काढली, म्हणून जास्त झोंबली.

१७ तारीख
पहिलं जाळं. दोनशे मासे, दोनशेच्या दोनशे बिल्लेवाले. कोरा एकही नाही. गणिताप्रमाणे अख्ख्या समुद्रात मासे दोनशेच. हे कळवलं तर खातं मला सक्तीच्या विश्रांतीवर पाठवेल, आणि मीही सही करेन.
एक मासा चिरला. कातडीखाली जुना, पिवळा बिल्ला. जाळीवाल्याने टोचलेला, अकरा वर्षांपूर्वी. त्याने वही आणली, नंबर जुळवला. लांबी तीच. अकरा वर्षांत मिलिमीटरभर वाढ नाही.

२० तारीख, गुरुवार
लाँचमध्ये बसलो. दीड तास नाकासमोर गेलो. बेट मागे बुडताना डोळ्यांनी पाहिलं. मग समोर बेटाचाच धक्का. धक्क्यावर मावशी. आलात भाऊ, चहा टाकलाय म्हणाल्या. लाँचवाल्याची कॉलर धरली. तो शांतपणे म्हणाला, बिल्लेवाला सापडला तिथेच सोडायचा. अट तुमचीच ना, साहेब?
मानेमागे खाजतंय.

२१ तारीख
बर्फवाल्याला मान बघायला सांगितली. त्याने मोठ्याने नंबर वाचला. मग स्वतःची मान दाखवली.

२२ तारीख
होडी घेतली. उलट दिशेला वल्हवलं. चार तास. हाताची सालटं निघाली— धक्का. चहा.

२४ तारीख
लेकीचा निरोप आला. रुसले नाहीये बाबा, तुम्हाला जमत नाही तर आम्हीच येतो. गुरुवारची लाँच. पिल्लूला घेऊन.
वायरलेसवालीला म्हटलं, कळव— येऊ नका. ती म्हणाली, निरोप येतात फक्त. नऊ वर्षं ती रोज स्वतःच्या आईला—

२६ तारीख
मावशींनी माझ्या खोलीत पाळणा टांगला. एवढं तान्हं कधी आलंच नव्हतं म्हणाल्या. जाळीवाला म्हणतो, साठ्यात भर पडायला हवी— माझ्याच अहवालाची भाषा. माझीच.

२७ तारीख
लाँच दिसतेय. ओरडून ओरडून आवाज बसला. म्हणून याच वहीची पानं फाडून मोठ्या अक्षरांत—
परत जा
परत जा
लेक दिसली. कडेवर पिल्लू. तिला वाचता येत नाहीये, लांब आहे, उन्हात डोळे बारीक करून— हसतेय. तिला वाटतंय मी आनंदाने पानं हलवतोय. हात हलवतेय. आता पिल्लूचा हात धरून तोही ह