'निर्जन' टापूतली बिनकुलपाची झोपडी

प्रति,
मा. अधीक्षक,
कारिबू सरोवर अभयारण्य, उत्तर क्वेबेक

विषय : वडिलांची झोपडी जाळण्याचा आदेश रद्द होणेबाबत.
संदर्भ : झोपडीच्या दारावर खिळा मारून लावलेली आपली नोटीस, दि. १७ जानेवारी.

महोदय,

मी, पिनामेन बेलफ्लर, इथल्या मूळ रहिवासी इन्नू लोकांपैकी, सविनय अर्ज करते की, उत्तरेचा टापू कागदोपत्री निर्जन असल्याने तिथली आमची झोपडी बेवारस धरून १ जूनला जाळणार, असे नोटिशीत वाचले. कारण : कुलूप नाही, माणूस नाही.

१. कुलूप नाही हे खरे. आम्ही रानातल्या झोपडीला कुलूप घालत नाही. निघताना चुलीत काटक्या रचतो, लाकडे, पीठ, चहा मागे ठेवतो. वादळात कोण अडकेल सांगता येत नाही.

२. आता संशय. आपले वनरक्षक श्री. त्रोतिए यांनी १४ ते १७ जानेवारी 'पाहणी' केली म्हणे. एका खोलीची झोपडी पाहायला चार दिवस? ते चारही दिवस हिमवादळ होते. मार्चमध्ये आम्ही गेलो तर लाकडे संपलेली, पिठाचा डबा पुसून काढलेला, वडिलांचे लोकरी मोजे गायब. अस्वल म्हणावे, तर ते जानेवारीत झोपलेले असते. शिवाय मोजे घालत नाही.

३. माझ्या मते साहेबांचा जीव त्या झोपडीने वाचवला आणि अडकलो होतो हे सांगायची त्यांना लाज वाटली. वडिलांना हे बोलले तर मलाच ओरडले, "अगं, गारठला असेल बिचारा! मोज्यांचं काय घेऊन बसलीस?" त्यांना संशय घेताच येत नाही. मला येतो.

४. आपल्या कचेरीत तीनदा आले. बाई म्हणाल्या, "तिथं कुणी राहतच नाही, मग तक्रार कुणाची?" मी रागाने तडक निघाले. घरी येऊन सांगितले, तर वडील ९ मे रोजी सामान बांधून एकटेच झोपडीत राहायला गेले. "कुणी राहत नाही ना? मग मी राहतो!" मी आणायला गेले, तर येत नाहीत. वय एक्क्याऐंशी. मला फार भीती वाटते.

तरी आदेश रद्द व्हावा. जमत नसेल तर त्यातले 'बेवारस झोपडी' खोडून 'सिल्व्हेस्त्र बेलफ्लर यांच्यासह झोपडी' असे लिहावे, आणि खाली सही श्री. त्रोतिए यांचीच घ्यावी.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
पिनामेन बेलफ्लर
दि. १६ मे

सोबत :
१) नोटिशीची प्रत
२) वडिलांचा बाप्तिस्म्याचा दाखला (जन्मस्थळ : सदर निर्जन टापू)